कोऱ्या जागी उमटणारी शाई : वाचकांच्या शंका

या महिन्याच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या रूपांत आली आहे : जिथे कागद कोरा राहायला हवा, तिथे शाई उमटते. बहुतेक पत्रांत यंत्राचे वर्णन आहे, शाईच्या डब्यावरचे नाव आहे, आतापर्यंत काय काय बदलून पाहिले त्याची यादीही आहे. परंतु डाग कागदाच्या कोणत्या भागात पडतो, त्याचा आकार कसा आहे आणि लागोपाठच्या प्रतींत तो जागा बदलतो की त्याच ठिकाणी राहतो, हे फार थोड्यांनी लिहिले आहे. ऑफसेटमधले, म्हणजे प्लेटवरचा मजकूर शाई आणि कोरा भाग पाणी धरतो या तत्त्वावरच्या छपाईतले, निम्म्याहून अधिक निदान याच तीन गोष्टींवर होते. पत्रातील तपशिलावरून जेवढे ताडता आले, तेवढ्यावर पुढील उत्तरे आधारलेली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे जुने एकरंगी शीटफेड (सुटे कागद छापणारे) ऑफसेट यंत्र आहे. त्यावर मुख्यतः काळ्या शाईत शालेय पुस्तिका व पावती पुस्तके छापतो. एप्रिलपासून प्रत्येक कागदाच्या कोऱ्या भागावर सगळीकडे सारखीच फिकट राखाडी छटा येते. पाणी वाढवले तर ती कमी होण्याऐवजी वाढते. शाई बदलली, प्लेट नवी केली, फरक नाही. नळाचे पाणी अपुरे पडत असल्याने मार्चअखेरीपासून बोअरचे पाणी वापरतो. प्लेटला पाणी देणाऱ्या डॅम्पर रोलरची कापडी कव्हरे दर आठवड्याला कपड्याच्या पावडरने स्वच्छ धुतो. दोष कशात असावा?
— एक मुद्रक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न एका ओळीचा असला, तरी त्यामागे तीन वेगवेगळे दोष संभवतात. आपल्या छपाईखान्यांत या तिन्हींना सरसकट स्कमिंग म्हणतात आणि तिन्हींवर एकच इलाज करतात, तो म्हणजे पाण्याचा नॉब फिरवणे. त्यांपैकी एकाच दोषाला हा इलाज लागू पडतो, आणि आपल्याकडचा दोष तो नाही.

पहिला दोष म्हणजे पाणी कमी पडून प्लेट सुकणे. यात शाई कोऱ्या भागावर एकसारखी पसरत नाही. ती आधी प्लेटच्या कडेला किंवा दाट स्क्रीनच्या ठिपक्यांमधल्या जागेत धरते, गडद छायाचित्रे बुजल्यासारखी दिसू लागतात, आणि पाणी किंचित वाढवताच काही प्रतींत सारे स्वच्छ होते. दुसरा दोष खरे स्कमिंग. प्लेटच्या कोऱ्या भागावर पाणी धरून ठेवणारा जो अतिशय पातळ थर असतो, तो खरवडला गेला, झिजला किंवा प्लेट बनवताना नीट तयारच झाला नाही, म्हणजे अॅल्युमिनियम शाई स्वीकारू लागते. हा डाग प्लेटच्या ठरावीक जागी असतो, ओल्या स्पंजाने पुसून जात नाही, आणि प्लेट क्लीनरने काढला तरी पुन्हा त्याच जागी येतो. तिसरा दोष टिंटिंग. यात प्लेट चांगलीच असते. शाईचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळून त्या पाण्याबरोबरच कोऱ्या भागावर पसरतात, त्यामुळे छटा फिकट पण सर्वत्र सारखी असते. पाणी वाढवले की ते कण वाहून नेणारे माध्यमच वाढते आणि छटा अधिक दिसू लागते. आपले वर्णन या तिसऱ्या दोषाशी तंतोतंत जुळते.

तरीही केवळ वर्णनावर विसंबू नये. यंत्र थांबवून प्लेटचा कोरा भाग स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या स्पंजाने एकदाच पुसावा. छटा सहज निघून खाली चमकदार प्लेट दिसली आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर थोड्याच प्रतींत ती हळूहळू सगळीकडे परत आली, तर तो टिंटिंगचाच पुरावा समजावा. त्यानंतर डॅम्पिंगच्या ट्रेमधील थोडे पाणी पांढऱ्या कपात घेऊन पाहावे. ते काळपट दिसत असेल तर शाई पाण्यात उतरते आहे, हे निश्चित झाले.

आता ती का उतरते याकडे वळू. आपल्या पत्रात दोन संशयित आहेत, आणि त्यांतला दुसरा आपण कौतुकाने सांगितला आहे. आधी बोअरच्या पाण्याचे पाहू. दख्खनच्या काळ्या दगडातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार भरपूर असतात. फाउंटन सोल्यूशन, म्हणजे प्लेटला दिले जाणारे पाण्याचे द्रावण, किंचित आम्ल ठेवावे लागते. शीटफेड छपाईत त्याचा सामू, म्हणजे पीएच, सामान्यतः ४.८ ते ५.३ च्या आसपास असावा असे धरतात. बायकार्बोनेट हे आम्ल खाऊन टाकते. म्हणजे नळाच्या पाण्यात जेवढे कॉन्सन्ट्रेट (पाण्यात मिसळायचे तयार रसायन) पुरत होते, तेवढेच बोअरच्या पाण्यात घातल्यास सामू वर राहतो आणि प्लेट स्वच्छ ठेवण्याची द्रावणाची ताकद घटते. शिवाय कॅल्शियम शाईतील मेदाम्लांशी संयोग पावून साबणासारखे क्षार तयार करते. ते रोलरवर चढतात, रोलर चकचकीत व कठीण होतात आणि शाई-पाण्याचा तोल आणखी ढळतो.

दुसरा संशयित कपड्याची पावडर. तिचे कामच मुळी तेल आणि पाणी एकमेकांत मिसळवण्याचे असते, आणि ऑफसेटमध्ये नेमके तेच होऊ द्यायचे नसते. मोलटनचे, म्हणजे डॅम्पर रोलरच्या कव्हराचे, जाड कापड कितीही खळखळून धुतले तरी आतल्या धाग्यांत पावडरचा अंश राहतो आणि छपाई सुरू झाल्यावर तो थोडा थोडा पाण्यात सुटत राहतो. माझा कल याच कारणाकडे अधिक आहे. मात्र एक शंका उरते : धुण्याची पद्धत जुनी असेल तर त्रास एप्रिलमध्येच का सुरू झाला? बहुधा नळाच्या पाण्यात द्रावण योग्य आम्ल असल्याने हा अंश चालून जात होता आणि बोअरच्या पाण्याने ती सवड संपवली.

दोन्ही कारणे वेगळी करून पाहण्यासाठी एका वेळी एकच बदल करावा. प्रथम ट्रे पूर्ण रिकामा करून धुवावा, नवीन, साबण न लागलेले कव्हर चढवावे आणि पाणी मात्र बोअरचेच ठेवावे. छटा गेली तर पावडर दोषी. राहिली, तर तेच नवे कव्हर ठेवून पिण्याच्या आरओचे पाणी आणून द्रावण बनवावे. आरओचे पाणी कायम वापरायचे ठरल्यास एक काळजी घ्यावी लागते : त्यात क्षार जवळजवळ नसल्याने ते कागदातला कॅल्शियम ओढून घेते. म्हणून आरओच्या पाण्यासाठी बनवलेले कॉन्सन्ट्रेट पुरवठादाराकडून मागवावे किंवा थोडे साधे पाणी त्यात मिसळावे.

यापुढे द्रावण अंदाजाने न बनवता मोजून बनवावे. सामू मोजण्याची पट्टी ढोबळ कल्पना देते, परंतु कॉन्सन्ट्रेटमध्ये बफर असल्याने एका मर्यादेनंतर कितीही कॉन्सन्ट्रेट घातले तरी सामू फारसा हलत नाही, आणि प्रमाण दुप्पट झाले तरी पट्टीवर कळत नाही. त्यासाठी कंडक्टिव्हिटी मीटर हवा. नुसत्या पाण्याची वाहकता मायक्रोसीमेन्समध्ये मोजावी, नंतर लिटरमागे १०, २०, ३० व ४० मिलिलिटर कॉन्सन्ट्रेट घालून प्रत्येक वेळी मोजावे आणि आकडे कागदावर लिहून भिंतीला लावावेत. ही वाढ जवळजवळ सरळ रेषेत होते, त्यामुळे पुढे कोणत्याही दिवशी ट्रेमधील द्रावणात किती कॉन्सन्ट्रेट आहे हे लगेच कळते. छपाई चालू असताना वाहकता शेकड्यांनी वाढलेली आढळली, तर ती कागदातील क्षार व धुण्याची रसायने उतरल्याची खूण असते. त्या वेळी कॉन्सन्ट्रेट वाढवून उपयोग नाही, द्रावण फेकून नवे करावे. पाणी बोअरचे असल्यास नुसत्या पाण्याचा आकडा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर वेगळा येतो, म्हणून हा तक्ता ऋतू बदलला की नव्याने करावा लागेल.

मोलटन धुण्यासाठी रोलर वॉशने शाई काढून नंतर भरपूर साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. कापड गाठाळले किंवा एका टोकाला पातळ झाले असेल तर धुण्यात वेळ घालवण्यापेक्षा नवे घालावे.

प्रश्न : वीज गेल्यावर यंत्र अर्धा-पाऊण तास थांबते. पुन्हा सुरू केल्यावर कोऱ्या भागात बारीक ठिपक्यांचे झुबके येतात, काही ठिपके कड्यासारखे गोल दिसतात. पुसले तरी त्याच जागी राहतात.
— जालना

उत्तर : हे ऑक्सिडेशन आहे. यंत्र अचानक थांबले, प्लेटवर पाण्याचे थेंब राहिले आणि ते सावकाश सुकले, की थेंबाच्या कडेला अॅल्युमिनियम खाल्ले जाते. ते खाल्लेले वर्तुळच शाई धरते. वीज गेल्याबरोबर, ती लगेच येईल या आशेवर न राहता, प्लेट ओल्या स्पंजाने पुसून तिच्यावर गमचा (प्लेट जपणाऱ्या डिंकाच्या द्रावणाचा) पातळ थर द्यावा आणि तो कोरडा करावा. गम जाड राहिला तर अक्षरांवर बसून पुढे ती फिकी उमटतात, म्हणून शेवटचा हात स्वच्छ कापडाचा असावा. आत्ता पडलेल्या डागांवर आम्लयुक्त प्लेट क्लीनर लावून, धुऊन, पुन्हा गम देऊन पाहावे. एकदा-दोनदा करूनही न गेल्यास प्लेट बदलावी. घासत बसल्यास खऱ्या स्कमिंगला निमंत्रण मिळते.

प्रश्न : गणेशोत्सवाची चाररंगी भित्तिपत्रके आर्ट पेपरवर छापतो. पार्श्वभूमी काळी किंवा गडद लाल असते. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी गठ्ठा उघडला की कागदाच्या मागच्या बाजूवर समोरच्या चित्राचे डाग दिसतात. शाईत ड्रायर वाढवला, कागद एकमेकांना लागू नयेत म्हणून फवारायची पावडरही भरपूर मारली, तर लॅमिनेशन नीट बसेना. प्लेट स्वच्छ राहावी म्हणून पाण्याचा पीएच ३.८ ठेवतो. उपाय सुचवावा.
— रत्नागिरी

उत्तर : मागच्या बाजूवर डाग येण्याचा हा प्रकार सेट-ऑफचा, म्हणजे गठ्ठ्यात ओली शाई वरच्या कागदाला लागण्याचा, दिसतो, पण खात्री करून घ्यावी. डिलिव्हरीत, म्हणजे छापलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, पडण्याआधीच एखादा कागद हातात घेऊन उलटून पाहा. मागची बाजू तेव्हाच मळलेली असेल तर शाई कागद दाबणाऱ्या इम्प्रेशन सिलिंडरवर लागलेली आहे. कागद चुकून न येता ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर नेणारे रबरी आवरण) आणि सिलिंडर एकमेकांना टेकले, की असे होते आणि पुढच्या काही प्रतींत डाग फिका होत जातो. तो कागद मागून स्वच्छ असेल आणि डाग गठ्ठ्यात पडला असेल, तर ते सेट-ऑफच.

त्यावर आपण केलेल्या तीन उपायांपैकी एक बिनकामाचा आहे आणि एक दोष वाढवणारा. ऑफसेटची शाई हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन सुकते आणि कोबाल्टसारख्या धातूंचे ड्रायर या क्रियेला वेग देतात. पाणी फार आम्ल असले तर ते याच ड्रायरला निष्प्रभ करते. म्हणजे ३.८ च्या पाण्याने आपण एका हाताने ड्रायर मारत आहात आणि दुसऱ्या हाताने तोच वाढवत आहात. सामू ५ च्या जवळ आणावा. त्यावर प्लेट मळू लागली, तर मळण्याचे कारण वेगळे शोधावे लागेल, आम्ल वाढवून ते झाकू नये. ड्रायर शाई बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणापुढे नेल्यास शाई रोलरवरच सुकू लागते आणि पाण्यात अधिक मिसळते.

खरे मूळ मात्र बहुधा यंत्रावर नसून संगणकावर आहे. काळी पार्श्वभूमी करताना डिझाइन करणारे अनेकदा चारही रंग शंभर टक्के ठेवतात. त्या जागी चारशे टक्के शाई बसते आणि कोकणातल्या पावसाळी दमट हवेत ती गठ्ठ्याच्या दाबाखाली सुकण्याची अपेक्षा धरणेच व्यर्थ आहे. आर्ट पेपरवर चारही रंगांची बेरीज सुमारे ३०० ते ३३० टक्क्यांवर जाऊ देऊ नये. काळ्या पार्श्वभूमीसाठी निळा ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० आणि काळा १०० असे ठेवले, तर बेरीज २४० होते आणि डोळ्यांना तो काळा तितकाच भरीव दिसतो. गडद लालासाठी मॅजेंटा व पिवळा पूर्ण ठेवून गडदपणा थोड्या काळ्याने आणावा, निळ्याने नव्हे. फाइल ग्राहकाकडून येते आणि त्याला टक्केवारीशी घेणेदेणे नसते, हे मान्य आहे. तरी प्लेट काढण्यापूर्वी ही तपासणी आपल्याकडेच व्हायला हवी, कारण डाग पडलेला गठ्ठा तो स्वीकारणार नाही.

यंत्रावर करायच्या गोष्टी त्यानंतरच्या. शाईचा थर डेन्सिटोमीटरने मोजून ठेवावा. रंग थोडा कमी वाटला की शाई उघडण्याची मशिनमनची सवय पावसाळ्यात फार महाग पडते. गठ्ठे कमी उंचीचे करावेत, मध्ये फळ्या घालाव्यात, आणि छपाई झाल्यावर किमान पहिल्या काही तासांत ते ढकलू किंवा ठोकून सरळ करू नयेत. पावडर कमी आणि सारखी पडावी. नोझल अर्धे बुजलेले असले की एका बाजूला थर साचतो, दुसऱ्या बाजूला कागद कोराच राहतो आणि मग माणूस एकंदर प्रमाण वाढवतो. लॅमिनेशनच्या कामाला बारीक कणांची पावडर वापरावी व लॅमिनेटरवर देण्यापूर्वी कागद झाडून घ्यावेत. छपाईच्या खोलीत हवेची आर्द्रता ५० ते ५५ टक्के राखणे आदर्श मानतात. पावसाळ्यात वातानुकूलनाशिवाय ते शक्य नाही, पण कागदाची रिमे वेष्टणातून आदल्या रात्री उघडून ठेवू नयेत, एवढे तरी हातात आहे.

प्रश्न : जुन्या दुरंगी यंत्रावर मोठ्या भरीव निळ्या भागात आडव्या गडद रेषा दिसतात. मेकॅनिक गिअर बदलायला सांगतो. खर्च मोठा आहे. खरोखर गिअरच दोषी आहे का?
— नाशिक

उत्तर : खर्च करण्यापूर्वी मोजपट्टी घ्यावी. कागदावर सलग दिसणाऱ्या दहा-बारा रेषांमधले एकूण अंतर मोजून, त्यांमधील फटींच्या संख्येने भागावे. एकाच फटीचे अंतर मोजल्यास चूक होते. मग सिलिंडरच्या गिअरच्या पिच वर्तुळाच्या परिघाला दातांच्या संख्येने भागावे. दोन्ही आकडे जुळले तर रेषा गिअरच्या दातांमुळे पडत आहेत. तरीही याचा अर्थ गिअर झिजलाच आहे असा नाही : प्लेट किंवा ब्लँकेटखाली पॅकिंग (जाडी भरून काढणारे कागद) जास्त झाले, की सिलिंडरांचे पृष्ठभाग एकमेकांना अधिक जोराने दाबतात, गिअरला ओढ बसते आणि दातांच्या खुणा उमटतात. यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे मायक्रोमीटरने पॅकिंग तपासावे. प्लेट-ब्लँकेटमधला दाब साधारण ०.१ मिलिमीटरच्या आसपास पुरेसा असतो. पॅकिंग योग्य करूनही रेषा तशाच राहिल्या, गिअरमध्ये ढिलेपणा जाणवला किंवा दातांत सुकलेले ग्रीस व कागदाचा कचरा भरलेला आढळला, तर मेकॅनिकचे ऐकावे, पण आधी दात घासून स्वच्छ करून पाहावे.

रेषा सगळीकडे नसून ग्रिपरपासून (कागदाची पुढची कड धरणाऱ्या चिमट्यांपासून) ठरावीक अंतरावर एक-दोनच असतील, तर गिअरचा संबंध नाही. प्लेट सिलिंडरच्या फटीवरून पुढे येताना प्लेटला शाई देणारा फॉर्म रोलर प्लेटच्या कडेवर आपटतो आणि त्या धक्क्याची रेषा पडते. रोलर प्लेटवर जास्त दाबलेले असतात तेव्हा हे हमखास होते. शाई चढवलेले यंत्र थांबवून फॉर्म रोलर प्लेटवर टेकवावेत, उचलावेत आणि उमटलेल्या पट्ट्यांची रुंदी दोन्ही टोकांना पाहावी. ती पुस्तिकेतील मापाइतकी, आणि महत्त्वाचे म्हणजे दोन्ही टोकांना सारखी असली पाहिजे. ब्लँकेट सैल असल्यासही अशाच रेषा पडतात, आणि ते घट्ट करणे हा सर्वांत स्वस्त उपाय असल्याने खरे तर तेथूनच सुरुवात करावी.

प्रश्न : दिनदर्शिकांच्या भरीव निळ्या पानांवर बारीक काळपट ठिपका आणि भोवती पांढरे कडे असे डाग येतात. ब्लँकेट धुतला की जातात, पण थोड्या वेळाने दुसऱ्या जागी येतात.
— कोल्हापूर

उत्तर : यांना हिकी म्हणतात. कणभर काहीतरी प्लेटवर किंवा ब्लँकेटवर चिकटते, शाई धरते, आणि आजूबाजूच्या पृष्ठभागापासून उंच राहिल्याने भोवतीच्या कागदाला शाई पोहोचू देत नाही. ते पांढरे कडे त्यामुळे पडते. ठिपका शाईने भरलेला असेल तर कण बहुधा सुकलेल्या शाईचा किंवा रोलरच्या रबराचा असतो. ठिपका पांढराच आणि वेडावाकडा असेल तर तो कागदाचा तंतू किंवा धूळ, आणि मग कटिंग मशिनचे पाते बोथट झाले आहे का, हे पाहावे लागते.

आपल्या वर्णनाप्रमाणे तो शाईचा कण आहे. डबा उघडल्यावर वरची साय नुसती बाजूला सारून खालची शाई काढण्याची पद्धत सर्रास आहे. त्या सायीचे तुकडे सुरीबरोबर डक्टमध्ये, म्हणजे यंत्राच्या शाईच्या टाकीत, जातात. साय कडेने कापून पूर्ण उचलावी, शाई खरवडून न घेता वरून सपाट काढावी, आणि उरलेल्या शाईवर मेणकागद घट्ट बसवून झाकण लावावे. त्यानंतरही ठिपके येत राहिल्यास रोलरची दोन्ही टोके बोटांनी चाचपावीत. छपाई न होणाऱ्या त्या भागात शाई साचून सुकते, रबर तडकते आणि त्याचे कण आत सरकत राहतात. टोके रोज रोलर वॉशने पुसली आणि तिथे सुकू न देणारे पेस्ट किंवा थोडे तेल लावले, तर दिनदर्शिकांच्या हंगामात ब्लँकेट धुण्यासाठी यंत्र पुन्हा पुन्हा थांबवावे लागणार नाही.